हुंकार गिळणारी बाई बहरैनला जाते

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते माझं सव्वा मिनिटात झालं. फोनवर आलेला आवाजी निरोप तेवढ्याच लांबीचा होता.

"मॅडम, नमस्कार. मी सदाशिव परब, बहरैनसून बोलतंय. गाव आमचा कुडाळाकडे, हय ड्रायव्हर असंय. पोरांका शाळेत सोडून झाला काय गाडीत बसान तुमचो पोग्राम ऐकतंय. बरो असता. पण एक इचारूचा होता. तुमी अरबांबद्दल इतक्या बोलतास, पण तुमच्या पोग्रामात एकय अरब कसो बोलना नाय?"

मी रेडिओतून निवृत्त झालेली बाई. बत्तीस वर्षं जिल्ह्याच्या केंद्रावर "आता ऐकूया" म्हणण्यात गेली. निवृत्तीनंतर तोंड गप्प बसेना, म्हणून साताऱ्याच्या घरात मागच्या खोलीच्या भिंतींवर गोधड्या टांगल्या आणि पॉडकास्ट सुरू केला. नाव 'अरबांच्या अंगणात'. आपली गावंच्या गावं तिकडे नोकरीला, आणि आपल्याला तिकडचं ठाऊक काय, तर तेल, उंट आणि खजूर! म्हणून अरबांचा समाज, त्यांचं राजकारण, त्यांची गाणी, त्यांचं खाणंपिणं, सगळं मी मराठीतून सांगायला घेतलं. अकरा भाग झाले. चार माणसं वा वा म्हणाली. आणि हे सगळं मी पुस्तकं वाचून, गोधडीकडे तोंड करून बोलले होते.

परबांचा निरोप ऐकून माझे कान असे तापले म्हणून सांगू! उचलली जीभ लावली टाळ्याला. बाराव्या भागात मी जाहीर करून टाकलं, "श्रोतेहो, पुढच्या भागात या कार्यक्रमात अरब माणूस बोलेल, त्याच्या घरात बसून, त्याच्या मनातलं. तसं झालं नाही तर हे दुकान बंद!" आमचे हे दारातून ऐकत होते. म्हणाले, "बंद करायची तारीख पण सांगून टाक की." मी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

बहरैनला माझी भाची मुग्धा असते. बहिणीची मुलगी, बँकेत अकाउंटंट. "मावशी, ये तू, बघू काहीतरी," म्हणाली. एप्रिलच्या शेवटी, गुरुवार ते सोमवार, असे पाच दिवस ठरले. पाच दिवसांत एक अरब म्हणजे काय, डाव्या हाताचा खेळ, असं मला विमानात वाटत होतं. बॅगेत रेकॉर्डर, दोन माइक, हेडफोन आणि मुग्धासाठी दोन किलो कंदी पेढे.

मनामा

मुग्धाचं घर बुदैयाच्या रस्त्यावर. एका बाजूला नवेकोरे बंगले, दुसऱ्या बाजूला खजुराची शेतं, मध्ये नुसत्या गाड्या. चालणारं माणूस मी एकटीच. मुग्धा ऑफिसला जाताना मला मनामाच्या बाजारात सोडून गेली आणि मी माइक परजून शिकारीला निघाले.

पहिला माणूस चहावाला. छान दाढी, भारदस्त चेहरा. मी शिकून घेतलेलं अरबी फेकलं. तो म्हणाला, "चेची, मी केरळचा." दुसरा कापडवाला. त्याच्याकडे मी जरा लांबून बघितलं, खात्री केली, मग गेले. तो राजस्थानचा निघाला. तिसऱ्या दुकानात मसाल्यांच्या पोत्यांमागे पांढरा झगा घातलेले, पांढऱ्या दाढीचे एक आजोबा बसलेले. माझं हृदय उड्या मारायला लागलं. मी स्वतःशीच पुटपुटले, "अगंबाई, हे तरी असू देत रे देवा!"

आजोबा मान वर करून म्हणाले, "ताई, घाटावरच्या का तुम्ही? मी चिपळूणचा."

मी तिथल्याच एका पोत्यावर बसले आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. आजोबांनी पाणी दिलं, मूठभर वेलदोडे दिले आणि चिपळुणात आता कोण निवडून आलंय ते विचारलं. तासभर बोललो. सुरेख मुलाखत झाली असती, पण उपयोग काय? संध्याकाळी मुग्धाने विचारलं, "मावशी, मिळाला का कोणी?" इथे येऊन सहा तासांत शिकलेला शब्द मी वापरला. नाही, संपलं, शिल्लक नाही, या सगळ्याला इथे एकच शब्द आहे. "मफी! अरब मफी!"

झल्लाक

शुक्रवारी सुट्टी. दारात एक जुनी पण आरशासारखी पुसलेली गाडी येऊन थांबली आणि सव्वा मिनिटाचा तो आवाज सदेह उतरला. सदा परब. पन्नाशीचे, काटकुळे, इस्त्रीचा शर्ट, कपाळावर गंधाचा बारीक ठिपका. एकोणीस वर्षं एकाच अरब कुटुंबाकडे ड्रायव्हर. अरबी असं बोलतात की ऐकत राहावं.

मला बघून ते थोडे ओशाळले. "मॅडम, मी आपला सहज बोललेलंय हो. तुमी खरेच इलास?"

"आले ना! आता तुम्हीच शोधून द्या अरब."

"यल्ला," म्हणाले आणि गाडीचं दार उघडलं.

झल्लाकचा किनारा पश्चिमेला. हॉटेलांची रांग संपली की मोकळी वाळू लागते आणि तिथे सुट्टीच्या संध्याकाळी घरंच्या घरं चटया टाकून बसतात. एका चटईवरून हाक आली. आम्ही कोण, कुठले, कशाला आलोय, काही न विचारता बसायला जागा झाली. घरातली मुख्य बाई चांगली थोराड, खळाळून हसणारी. तिने मला विचारलं, "श्लोनिच?" परबांनी सांगितलं, म्हणजे तुझा रंग कसा आहे, अर्थात तू कशी आहेस. मग माझ्या नवऱ्याचं कसं आहे, मुलांचं कसं आहे, आईवडील कसे होते, तब्येत कशी, प्रवास कसा, पुन्हा तब्येत कशी. साताऱ्यात "काय कसं काय?" "बरंय" एवढ्यात विषय मिटतो. इथे पाच मिनिटं नुसती विचारपूस, आणि दोन्ही बाजूंनी! मला माझ्या जावेच्या तब्येतीबद्दलसुद्धा सांगावं लागलं. तिचे गुडघे आता बहरैनमध्ये माहीत आहेत.

मग भात आला. परात म्हणजे कशी, आमच्याकडे लग्नात पीठ मळायला घेतात तेवढी. मसाल्याचा पिवळसर भात, त्यावर अख्खा हमूर मासा. बाई स्वतःच्या हाताने काटे काढून माझ्या पुढ्यात मासा लोटत होती. नको म्हटलं की दुप्पट. मी एका हाताने माइक धरून दुसऱ्या हाताने जेवत होते. शेवटी धीर करून परबांना म्हटलं, "विचारा ना त्यांना, बदलत्या राज्यव्यवस्थेबद्दल तरुण पिढीला काय वाटतं?"

परबांचा घास हातात राहिला. "मॅडम, जेवतल्या माणसाक ह्या खंय इचारतत?"

खरं होतं. मी पण जेवले. घरी येऊन रेकॉर्डर ऐकला तर त्यात नुसता समुद्रावरचा वारा आणि मध्येमध्ये परबांच्या आवाजात "घेवा, वाईच घेवा." मुग्धा हसून हसून सोफ्यावर आडवी झाली. मलाही हसू येत होतं, पण दोन दिवस संपले होते. दुकान बंद करायची तारीख आता मला दिसायला लागली होती.

मग मुग्धाने गुपचूप दाबून ठेवलेलं रत्न बाहेर काढलं. तिच्या शेजारच्या टेबलावर मरियम नावाची मुलगी बसते. तिचे आजोबा, अबू यूसुफ, मुहर्रकला राहतात. त्यांचे वडील समुद्रातून मोती काढणाऱ्या जहाजावर नहाम होते. नहाम म्हणजे जहाजावरचा गाणारा. पाणबुड्यांच्या जहाजावर एक माणूस नुसता गाण्यासाठी असायचा! वल्ही मारताना, दोर ओढताना तो ओळ म्हणणार आणि सगळे खलाशी उत्तर देणार. आजोबा स्वतः लहानपणी शेवटच्या दोनतीन खेपांना गेले होते, आणि बापाची गाणी त्यांच्या गळ्यात होती.

"हे तू मला आज सांगतेस?" मी किंचाळले.

"मरियम म्हणाली, ते कोणालाच हो म्हणत नाहीत. आज दुपारी हो म्हणाले. कंदी पेढे पाठवले होते ना मी तिच्याकडे."

मी मुग्धाचा मुका घेतला.

मुहर्रक

मुहर्रक म्हणजे विमानतळाला खेटून वसलेलं जुनं गाव. गल्ल्या इतक्या अरुंद की परबांनी गाडी लांब लावली. हलव्याचं दुकान, शिंप्याचं दुकान, कोरीव दारं, आणि दर थोड्या वेळाने डोक्यावरून विमान. आवाजाचं काम करणाऱ्या बाईला याहून वाईट शेजार नाही.

आत शिरण्यापूर्वी मी परबांना आणि मुग्धाला गल्लीतच उभं करून धडा दिला. तो मला माझ्या जुन्या साहेबांनी पहिल्या दिवशी दिला होता. मुलाखत घेताना हुंकार गिळायचा. समोरचा बोलत असताना "हं" नाही, "हो का" नाही, "अगंबाई" तर मुळीच नाही. आपला "हं" त्याच्या शब्दावर जाऊन बसला की नंतर काढता येत नाही. फक्त मान हलवायची, चेहऱ्याने बोलायचं. बत्तीस वर्षांत माझ्या एका टेपवर माझा हुंकार सापडणार नाही. घरीसुद्धा ती सवय गेली नाही, आमचे हे म्हणतात की लग्न केलं तेव्हापासून भिंतीला गोष्टी सांगतोय.

"तर परब, अक्षर काढायचं नाही. भाषांतर मागून."

"बरा," परब म्हणाले. चेहरा काही बरा नव्हता.

मजलिस म्हणजे पाहुण्यांची खोली. चारी भिंतींना लागून गाद्या, मध्ये गालिचा. मरियमने गहवा ओतला, इथली पिवळसर, वेलदोड्याची कडू कॉफी, कानाएवढ्या कपात. बस झाली तर कप हलवायचा असतो, नाहीतर भरतच राहतात, हे चौथ्या भागात मीच ऐटीत सांगितलं होतं. घाबरून ते विसरले आणि सात कप प्यायले. त्याहून मोठा अपराध म्हणजे, घरघर नको म्हणून मी एसी बंद करायला लावला. बहरैनमध्ये पाहुणीने एसी बंद करायला सांगणं म्हणजे आपल्याकडे पंगतीतला पंखा काढून घरी नेण्यासारखं आहे. पण मरियमने हसून बंद केला.

अबू यूसुफ आतून स्वतःच्या पायांनी चालत आले, नेमके आपल्या जागेवर बसले. वय नव्वदीला टेकलेलं, पांढरा झगा, डोळे उघडे आणि शांत. विचारपूस झाली, माझ्या जावेचे गुडघे पुन्हा निघाले, आणि आजोबा बोलायला लागले.

काय आवाज होता! विहिरीतून यावा तसा खोल, सावकाश. शब्द कळत नव्हते, पण हेडफोनमधून तो आवाज माझ्या हाडांत उतरत होता. मी डोळे विस्फारले, मान डोलावली, छातीवर हात ठेवला, चेहऱ्याने जे जे बोलता येतं ते सगळं बोलले. परब आणि मुग्धा शेजारी घामाने निथळत माना हलवत होते. खोलीत टाचणी पडली असती तर ऐकू आली असती. चार मिनिटं, पाच मिनिटं. मी मनात नाचत होते.

मग आजोबांचा आवाज मंद झाला. दोन वाक्यांमध्ये मोठी फट पडायला लागली. एक विमान गेलं, ते थांबले. विमान गेल्यावरही थांबलेलेच राहिले. मग त्यांनी मरियमकडे तोंड करून काहीतरी विचारलं, मरियम गडबडून काहीतरी म्हणाली. आजोबांनी गुडघ्यांवर हात टेकले.

"खलास," ते म्हणाले. आणि उठून आत गेले.

जाता जाता म्हणाले म्हणे, पुन्हा कधीतरी, इंशाल्ला. माझ्या तोंडचं पाणी पळालं. हा इंशाल्ला नकाराचा आहे, हे मला परबांच्या चेहऱ्यावरूनच कळलं.

बुदैयाचा रस्ता

परत येताना खजुराच्या शेतांपाशी आल्यावर परबांनी गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं आणि मागे वळले.

"मॅडम, रागवा नकात. पण म्हाताऱ्यान मरियमक काय इचारल्यान ठावक आसा? 'पावणी गेली काय?'"

"गेली? मी समोर तर होते!"

"त्येंका दिसना नाय."

मी सीटवरून पुढे सरकले.

"मरियमन त्येंच्या हातात कप दिल्यान, तेवाच माका कळला. माका वाटला तुमका ठावक आसात. तुमी मान हलवतास, ती त्येंका कशी कळतली? त्येंच्या बापाशीची गोष्ट सांगी होते. जहाज मधल्या दर्यात, बापाशीन गाऊक तोंड उघडल्यान आणि आवाजच येना! आता हयसर मानसान 'अरे देवा' म्हणूचा की नाय? तर खोलीत सगळी मढ्यासारी गप!"

मुग्धाने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. तिला वाटलं होतं मरियमने मला सांगितलंय, मरियमला वाटलं होतं तिने सांगितलंय. आणि मी? चाळीस लोकांची दोनशे पुस्तकं वाचून आलेली मी, समोरच्या माणसाला दिसतं की नाही एवढं मला बघता आलं नाही! हेडफोन घालून बसले होते ना कानात, शहाणी! मला इतकी लाज वाटली की गाडीतच रडू फुटलं. आणि त्याच वेळी, त्या बंद एसीत तीन माणसं एका आंधळ्या म्हाताऱ्यापुढे नंदीबैलासारख्या माना हलवतायत हे चित्र डोळ्यांपुढे आलं, आणि रडता रडता फिस्सकन हसूही आलं. मग मुग्धा हसली, मग परब. खूप वेळ आम्ही तिघं रस्त्याच्या कडेला तसेच बसलो होतो.

"आमच्या गावात तुमका देवान पण उभ्या केल्यान नसता," परब डोळे पुसत म्हणाले.

"का?"

"गाऱ्हाणा घालताना गप रवलास तर?"

आणि त्यांनी स्टिअरिंगला नारळ समजून हात जोडले आणि सुरू केलं, "बा देवा म्हाराजा, आज ही लेकरा तुझ्या दारात इली हत रे म्हाराजा..."

ते थांबले. मी बघत राहिले.

"म्हणा! होय म्हाराजा!"

"होय म्हाराजा," मुग्धा म्हणाली.

"ह्यांच्याकडसून काय चूक झाली आसात, ती पदरात घे रे म्हाराजा..."

"होय म्हाराजा!"

"आणि ह्या साताऱ्याच्या बायेक उद्या वाचा दी रे म्हाराजा!"

मुग्धा एवढ्या जोरात होय म्हाराजा म्हणाली की शेजारून चाललेल्या गाडीने हॉर्न दिला. माझ्या तोंडून मात्र आवाज फुटला नाही. खरं सांगते, लाजले. बत्तीस वर्षांचं कुलूप आहे ते.

परबांनी तिथूनच मरियमला फोन लावला. अर्धा तास त्यांची आणि तिची अरबीत झटापट चालली. शेवटी फोन ठेवून म्हणाले, उद्या संध्याकाळी, ती बँकेतून आल्यावर, थोडा वेळ. सोमवारी सकाळी माझं विमान होतं.

पुन्हा मुहर्रक

रविवारी परबांनी मालकिणीकडून दोन तास मागून घेतले. मजलिसमध्ये शिरताच मी पहिलं काम केलं ते एसी चालू करायला लावण्याचं. घरघरू दे मेला! मग आजोबा येऊन बसल्यावर मी मोठ्याने, नीट तोंड उघडून बोलले आणि परबांनी ते अरबीत सांगितलं. मी इथे समोर बसले आहे. काल चुकले. आमच्या धंद्यात ऐकणाऱ्याने गप्प बसायचं असतं, मी मानेने हो म्हणत होते.

आजोबांनी ते शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "मान हलली तर आवाज होत नाही." आणि गालातल्या गालात हसले. मला हायसं वाटलं.

त्यांनी गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सुरू केली. आज परबांना मी मोकळं सोडलं होतं, आणि परब म्हणजे बांध फुटलेला पाट! आजोबांचं एक वाक्य, की त्याचं मालवणी, की लगेच "होय म्हाराजा!" जहाज पहाटे सुटलं, होय म्हाराजा. पाणबुड्यांनी नाकाला चाप लावले, होय म्हाराजा. तिसऱ्याचौथ्या वेळी आजोबांनी हात वर केला. हे काय म्हणतोस तू?

परबांनी सांगितलं, आमच्या गावात देवापुढे एक जण सगळ्यांच्या वतीने बोलतो आणि बाकीचे असं म्हणतात. म्हणजे, तू बोलतोयस ते आमचंच आहे.

आजोबांनी मांडीवर थाप मारली. "म्हणजे तुमच्या गावातही नहाम आहे!" मरियमला म्हणाले, ऐकलंस का, यांच्याकडे जमिनीवर नहाम आहे. आणि ते जे खूश झाले! आम्हाला "ई वल्ला" शिकवलं, म्हणजे होय, देवाशपथ. आमच्याकडून "होय म्हाराजा" घेतलं, दहादा म्हणून बघितलं. मुग्धा, मरियम, परब, आजोबा, चौघं एकमेकांना होय म्हाराजा, ई वल्ला करत होते आणि मी हेडफोन घालून मध्ये बसले होते. घरघर, विमान, कपांचा आवाज, सगळं एकावर एक. जुन्या साहेबांनी ऐकलं असतं तर राजीनामाच दिला असता.

मग गोष्ट त्या जागेवर आली. भर समुद्रात, दोर ओढायची वेळ, बापाने तोंड उघडलं आणि आवाज आला नाही. घसा बसला होता. नहाम गप्प म्हणून खलाशी थांबले. ताल कोण देणार? जहाज तसंच डुलत राहिलं.

आजोबा थांबले. परबांनी भाषांतर केलं आणि म्हणायला तोंड उघडलं, तर आजोबांनी त्यांना हाताने अडवलं. चेहरा माझ्या दिशेला वळवला, थोडा चुकीच्या दिशेला, खांद्याच्या जरा वर. आणि वाट बघायला लागले.

मला समजलं. सगळे माझ्याकडे बघत होते. घशात हुंकार येऊन अडकला होता, वर्षानुवर्षं गिळलेले सगळे एकदम. मी हेडफोन काढून मांडीवर ठेवले.

"अगंबाई!" मी म्हटलं. "मग? मग काय झालं हो?"

आवाज चिरकला होता. पण आजोबांचा चेहरा असा उजळला की बस्स.

"मग," ते म्हणाले, "मी गायलो. एवढासा होतो. बापाची ओळ बापाच्या जागी उभं राहून म्हटली आणि खलाशांकडे बघितलं. ते गप्प. एक क्षण सगळं जहाज गप्प. त्या दिवशी त्यांनी उत्तर दिलं नसतं, तर मी आयुष्यात पुन्हा तोंड उघडलं नसतं."

"दिलं?"

"दिलं."

आणि कोणी न सांगता त्यांनी ती ओळ उचलली. बसल्या जागी, डोळे उघडे ठेवून. खोल, घुमणारी, लांबच लांब ओळ. ती संपली आणि त्यांनी श्वास घेतला, त्या जागेत खलाशांचं उत्तर असतं. मरियमला ते येत होतं, तिने पोटातून घूं केलं. परबांनी टाळी धरली. आणि मी, मला काय येणार होतं, मी सगळा जीव गोळा करून ओरडले, "होय म्हाराजा!" पुढची ओळ आली. पुन्हा मी. पुन्हा ओळ. मुग्धा रडतही होती, हसतही होती. वरून एक विमान गेलं आणि त्या दिवशी कोणीच त्याच्यासाठी थांबलं नाही.

निघताना गहवाचा कप मी नीट हलवला. शिवाय तोंडाने "बस, खलास" असंही म्हटलं.

सातारा

गोधड्यांच्या खोलीत बसून मी ते सगळं ऐकलं. माझ्या धंद्याच्या हिशेबाने ते ध्वनिमुद्रण टाकाऊ आहे. एकही वाक्य स्वच्छ नाही, प्रत्येक शब्दावर कोणीतरी बसलंय, आणि सगळ्यात जास्त मी. कापायला कात्री हातात घेतली खरी, पण दिवसभर बसून एकच केलं. आजोबांच्या वाक्यांनंतर माझं मराठी टाकलं, माझ्या प्रत्येक परिच्छेदानंतर थोडी मोकळी जागा सोडली, आणि बाकी होतं तसं ठेवलं. तेरावा भाग गेला. दुकान चालू राहिलं.

आमचे हे भाग ऐकून म्हणाले, "तुला येतं की हो म्हणायला!" मी म्हटलं, "हो का?" ते दचकलेच.

परबांचा निरोप आला, फक्त सहा सेकंदांचा. "मॅडम, बरो झालो. आता ओमानच्या एकाक बोलवा."

आणि चार दिवसांनी मरियमचा आला. तिने लिहिलं होतं, आजोबांना तुमचा कार्यक्रम लावून दिला. मराठीतलं अक्षर कळत नाही, बंद करू का विचारलं, तर नको म्हणाले. पूर्ण ऐकला. सोबत तिने त्यांच्या शेजारी फोन ठेवून केलेलं ध्वनिमुद्रण पाठवलं होतं.

मी हेडफोन लावले. लांबून, मजलिसच्या एसीच्या घरघरीतून, माझाच आवाज येत होता. मुहर्रक म्हणजे विमानतळाला खेटून वसलेलं जुनं गाव, असं काहीतरी मी सांगत होते. परिच्छेद संपला, मी सोडलेली मोकळी जागा आली. आणि त्या जागेत, माइकच्या अगदी जवळून, विहिरीतून यावा तसा तो आवाज सावकाश म्हणाला,

"होय म्हाराजा."